एल्डनचा फोटो दाखवतील तेव्हा

नॅशव्हिल
३ सप्टेंबर १९७४

प्रिय ओपल,

आधी आईंना सांग की हे पत्र दोन पानांचं आहे आणि पाठपोट लिहिलेलं आहे. नाहीतर तू कागद उलटलास की त्या म्हणायच्या, "एवढ्यात संपलं?"

एप्रिलमध्ये तुझ्या भावाला, एल्डनला, तुमच्या टेकडीवर मातीआड ठेवून परत आले, तेव्हापासून तुम्हाला धड पत्र लिहिलं नाही. लिहायला बसलं की त्याची ती चार पायांवर आडवी ठेवलेली गिटार समोर दिसते. तिच्यावर चादर घातलीय, तरी टेबलावर कुणी झोपल्यासारखी दिसते. शनिवारी फर्न येते. आठवते ना फर्न? अंत्यविधीला आलेली, सपाट प्रदेशातली, लांब मानेची मुलगी. एल्डन तिला आमच्या स्वयंपाकघरात स्टील गिटार शिकवायचा. आली की चादर काढते, तारा पुसते, वाजवत मात्र नाही. मग मी तिला कॉफी देते आणि आम्ही दोघी हवापाण्याच्या गप्पा मारतो.

पण आज कारण वेगळं आहे. काल संगीताच्या पारितोषिकांच्या कचेरीतून फोन आला. ऑक्टोबरात इथं जो सोहळा होतो, देशभर टीव्हीवर दिसतो तो. एल्डन इतकी वर्षं त्यातल्या वाद्यवृंदात बसला, पण कॅमेरा गायकाच्या बुटापर्यंत येऊन परत फिरायचा. एकदा तुम्हाला त्याचं कोपर दिसलं होतं. तुझं त्यावर अख्खं पत्र आलं होतं.

यंदा ते मध्येच थोडा वेळ थांबणार आहेत. एकजण संथ भजन गाणार आणि मागच्या पडद्यावर या वर्षी गेलेल्यांचे फोटो येणार, खाली नाव. त्यांनी एल्डनचा फोटो मागितलाय. ओपल, त्यांनी आपणहून मागितला! चकचकीत कोट घातलेला मी दिला नाही. मागच्या पायरीवर पांढऱ्या शर्टात बसून हसतोय, तो दिला. इतक्या तबकड्यांवर वाजवलं त्यानं, पण वेष्टणावर नाव नेहमी गाणाऱ्याचंच. आता एकदा तरी त्याचं नाव त्याच्या चेहऱ्याखाली दिसेल.

आईंच्या डोळ्यांना दिसणार नाही, ठाऊक आहे. पण तू सांगशील त्यांना.

तुमची,
नेडीन

*

सॉरवुड खोरं, केंटकी
१२ सप्टेंबर १९७४

प्रिय नेडीन,

तुझं पत्र आईला चारदा वाचून दाखवलं. नन्सच्या शाळेत घोटून घेतलेलं तुझं अक्षर म्हणून जमलं, माझं असतं तर पहिल्याच खेपेला घसा बसला असता.

आता तुला खरं सांगते, तेही तिच्यासमोरच, कारण हे लिहून झालं की तेही मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार आहे. एप्रिलपासून आई जेवत नव्हती. दोन घास खाल्ले की ताट सारायची. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय. मी म्हटलं हृदय नाही, हट्ट थकलाय. तर तुझं पत्र संपलं आणि ती म्हणाली, "ओपल, ताक आहे का?" पेलाभर ताकात मक्याचा ब्रेड कुस्करून दिला. सगळा खाल्ला, पेला बोटानं पुसून काढला. मग म्हणाली, "ऑक्टोबरपर्यंत राहायचं तर पोटात काहीतरी हवं."

त्या दिवसापासून जेवतेय. (आई म्हणते, "हे कशाला लिहितेस, खादाड म्हणतील.")

नवऱ्याला डोंगरमाथ्यावर धाडलं, व्हर्लन अँटेनाची तार नीट करून आला. अख्ख्या खोऱ्याला आमंत्रण झालंय. मी दिलं नाही. मी फोनवर फक्त माझ्या जावेला सांगितलं. पण आमच्या फोनची तार सहा घरांत मिळून एक, आणि शेजारची अल्मेडा रिसीव्हर उचलून श्वास रोखून बसते. मी म्हटलं, "अल्मेडा, ऐकतेयस तर केक घेऊन ये." तर तिकडून आवाज आला, "सफरचंदाचा चालेल ना?"

बाबा असते तर काय म्हणाले असते? चर्चमध्ये वाद्य नाही म्हणून घरातही एक तार वाजू दिली नाही त्यांनी. एल्डन घर सोडून गेला तोही त्याच पायी. तुला हे माहीत नसेल, पण तो नॅशव्हिलला रेडिओवर वाजवायला लागल्यावर आई शनिवारी संध्याकाळी गोठ्यात रेडिओ घेऊन बसायची. बाबांना सांगायची, "गाणं लावल्याशिवाय गाय पान्हवत नाही." गाय आटली तरी आई बसायचीच. कुठल्या गाण्यात तो आहे आणि कुठल्यात दुसराच कुणी, हे दोन सुरांत सांगायची.

तिनं विचारायला सांगितलंय : नाव फक्त लिहिणार की कुणी तोंडानं घेणारही आहे?

तुझी,
ओपल

*

नॅशव्हिल
२७ सप्टेंबर १९७४

ओपल,

हे पत्र तू स्वयंपाक करतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय, हे बघून दचकली असशील. मुलांची जेवणं उरकली की वाच. घरी नेऊ नकोस.

एल्डनचा फोटो दाखवणार नाहीत.

काल मी नाव तोंडानं घेतील का विचारायला कचेरीत गेले. आईंचा प्रश्न होता म्हणून हॅट घालून, हातमोजे घालून गेले. एक तरुण मुलगा होता, खूप चांगला वागला, खुर्ची दिली. म्हणाला, वेळ कमी झाला, मध्ये जाहिराती आहेत, म्हणून आता फक्त गायकांचे फोटो ठेवलेत. वाजवणाऱ्यांचं पुढच्या वर्षी बघू. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी काय तो जास्त मेलेला असेल?" तो बिचारा लाल झाला. मग मलाच वाईट वाटलं. फोटो पाकिटात घालून परत दिला त्यानं. कोपराही दुमडला नव्हता.

रस्त्यावर आले तर एल्डनचं गाणं कुठल्याशा दुकानात वाजत होतं. लोक गाणारीचं नाव घेत पुढं जात होते.

माझ्यासाठी मी रडत नाही. मला आईंच्या त्या ताकाच्या पेल्याची भीती वाटते. तूच लिहिलंयस की त्या ऑक्टोबरसाठी जेवतायत. हे त्यांना सांगितलं आणि त्यांनी पुन्हा ताट सारलं तर? आणि नाही सांगितलं, तर त्या रात्री काय होईल?

मला सुचत नाही. तू शहाणी आहेस.

नेडीन

*

शाळेचं स्वयंपाकघर, सॉरवुड
३ ऑक्टोबर १९७४

नेडीन,

पिठाच्या पिशवीवर बसून लिहितेय. कागदाला डाग दिसला तर तो वाटाण्याचा आहे, माझा नाही.

आधी मी शिव्या दिल्या. त्या लिहीत नाही, नन्सनी शिकवलंय तुला. मग मी विचार केला.

आईला दिसत नाही. खोलीत जे दिसतं ते आम्ही सांगू तेच. तर असं ठरवलंय : फोटो सुरू झाले की मी आईचा हात धरून बसणार. दोनतीन फोटो गेले की हात दाबून म्हणणार, "आई, आला बघ एल्डन. पांढऱ्या शर्टात आहे. हसतोय." तू त्या फोटोचं वर्णन केलंयस, तेवढं मला पुरे. बाकीच्यांनी फक्त "अरे वा" म्हणायचं.

खोऱ्यातल्या सगळ्यांना एकेकटं गाठून सांगितलं. अल्मेडा लगेच तयार. ती म्हणाली, "हे खोटं नाही गं, हा शेजारधर्म." अडचण आहे आमच्या व्हर्लनची. जन्मात खोटं बोलला नाही, कारण येतच नाही त्याला. काल परसात सराव घेतला. म्हटलं, "म्हण, 'अरे, बघा, एल्डन!'" तर असा म्हणाला जसा एल्डन कोंबडी चोरून पळतोय. तिसऱ्यांदा जरा बरं जमलं.

पाप लागेल का? तुमच्यात पाद्रीबुवांना सांगून मोकळं होता येतं म्हणे. आमच्यात ते आपल्याच खांद्यावर राहतं. राहू दे. ती जेवतेय.

घरच्या पत्त्यावर एक साधं पत्र टाक. नाहीतर तिला शंका येईल.

ओपल

*

नॅशव्हिल
८ ऑक्टोबर १९७४

प्रिय ओपल आणि आई,

इथं सगळं ठीक आहे. हवा छान पडलीय, मेपलची पानं तांबडी झालीयत. आमच्या दुकानात टोप्यांना गिऱ्हाईक वाढलंय. काल एका बाईंनी अकरा टोप्या घालून पाहिल्या आणि स्वतःचीच जुनी घालून गेल्या. येत्या सोमवारी सोहळा आहे. फर्नला एल्डनच्या जागी वाद्यवृंदात घेतलंय, तिनं मला वरच्या सज्जातलं एक तिकीट मिळवून दिलं. मी सज्जातून बघेन, तुम्ही तिथून बघा.

आई, तुम्ही जेवताय हे ऐकून फार बरं वाटलं. थंडी वाढतेय, शाल घेत जा.

तुमची लाडकी,
नेडीन

*

सॉरवुड खोरं
१६ ऑक्टोबर १९७४

नेडीन, बाई!

हे शाळेतून लिहितेय, पण आज घरून लिहिलं असतं तरी चाललं असतं. काय झालं ते क्रमानं सांगते, नाहीतर मी आधी शेवट सांगून बसेन.

सगळे सात वाजल्यापासून हजर. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक कोळशाच्या बादल्या पालथ्या घालून बसले. अल्मेडानं सात थरांचा केक आणला आणि कापायला कुणाला हात लावू देईना. आईला टीव्हीच्या शेजारी, आवाज येतो त्या बाजूला बसवलं. तिनं चर्चचा निळा झगा घातलेला.

सुरुवातीला मजा आली. कुणी बाई बक्षीस घ्यायला आली, तर अल्मेडा म्हणाली, "हिच्या केसांत कोंबडी अंडी घालून जाईल, हिला पत्ता लागणार नाही." आईनं विचारलं, "केवढे आहेत?" व्हर्लन म्हणाला, "दारातून आत येताना वाकली, आई." आई हसली. एप्रिलनंतर पहिल्यांदा हसली गं.

मग तो गायक पुढं आला, दिवे मंद झाले. मी आईचा हात हातात घेतला. पहिला फोटो आला. दुसरा. मी डोळ्यांनीच व्हर्लनला खूण केली. त्यानं तोंड उघडलं. "अरे, ब—"

आणि आईनं माझा हात दाबला. मी दाबायच्या आधी तिनं. म्हणाली, "गप्प बसा सगळे."

गाण्याच्या दोन ओळींमध्ये गिटार येत होती, स्टीलची. खालून सरकत वर गेली, तिथं जरा लोंबकळली आणि उतरली. तूच सांग, मला कुठं ते शब्द येतात. पण ते एल्डनचं होतं. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. आई मान पुढं काढून बसलेली. संपलं तेव्हा म्हणाली, "एल्डन." बस, एवढंच. गालावरून पाणी वाहत होतं, पुसलं नाही तिनं.

व्हर्लन उठून अंगणात गेला आणि हमसून रडला. अल्मेडानं केक कापला. आईनं दोन तुकडे खाल्ले.

नेडीन, मला खोटं बोलावंच लागलं नाही! फोटो नाही तर नाही, त्यांनी त्याची तबकडी लावली ना? त्या लाल झालेल्या पोरानं ऐकलं असेल तुझं. त्याला माझ्याकडून केक पाठव.

तुझी ओपल

*

नॅशव्हिल
२२ ऑक्टोबर १९७४

ओपल,

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. हे पुन्हा शाळेच्या पत्त्यावर.

ती तबकडी नव्हती.

मी वर सज्जात होते. एक माणूस टाळ्यांची पाटी वर करायचा, मग सगळे टाळ्या वाजवायचे. फोटो सुरू झाले तेव्हा मी मान खाली घातली. जे येणार नाही त्याची वाट कशाला बघायची? आणि मग ते वाजलं. माझ्या अंगावर काटा आला. मी उठून उभी राहिले, मागच्या बाईंनी झगा ओढून बसवलं. खाली, गायकाच्या मागं अंधारात, फर्नची लांब मान तेवढी दिसत होती.

या स्टील वाजवणाऱ्यांत एक रीत आहे. दुसऱ्याची खास जागा, ज्यावरून तो ओळखला जातो ती, चार लोकांत वाजवायची नाही. तो हयात आहे तोवर तरी नाहीच. दुसऱ्याची हॅट घालून त्याच्या गावात फिरण्यासारखं ते. एल्डननं फर्नला त्याची ती सरकत चढणारी-उतरणारी मींड शिकवली होती, पण तिनं ती आमच्या स्वयंपाकघराबाहेर कधी काढली नव्हती.

नंतर मागच्या दाराशी मला सापडली. पेटीवर बसून रडत होती. वाद्यवृंदाचा प्रमुख तिला म्हणाला होता, "कागदावर नव्हतं ते का वाजवलंस?" मी तिला जवळ घेतलं. तर म्हणते, "त्यांचा फोटो नव्हता ना, मिसेस प्रेटर. पडद्यावर नाही तर नाही, म्हटलं कुठून तरी येऊ देत ते." आणि मग म्हणाली, "ते गेले, म्हणून आता मला वाजवायची मुभा आहे. पण मला ती मुभा नको होती हो."

ओपल, आईंना वाटतंय त्यांच्या मुलाचा हात त्यांनी ऐकला. तो फर्नचा हात होता. त्यांना सांगायचं का? मला वाटतं, नको. पण पुन्हा वाटतं, ज्या बाईनं गोठ्यात बसून त्याला ओळखलं, तिला आपण फसवायचं? घरात तू आहेस. तू म्हणशील तसं.

नेडीन

*

सॉरवुड खोरं
३० ऑक्टोबर १९७४

प्रिय नेडीन,

हे पत्र घरून आहे. आई समोर बसलीय. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

तुझं पत्र मी अॅप्रनच्या खिशात घालून घरी आणलं. भांडी घासत होते. आई म्हणाली, "खिशात कागद आहे."

"शाळेचा आहे."

"शाळेच्या कागदावर तू हात ठेवून चालत नाहीस."

मग मी हात पुसले आणि सगळं वाचून दाखवलं. तुझं आधीचंही, फोटो परत दिला ते. वाचताना मध्ये दोनदा पाणी प्यावं लागलं. संपल्यावर तिनं विचारलं, "पानं संपली?"

"संपली."

"बरं. आता नाक शिंकर आणि ऐक."

जसं बोलली तसंच लिहितेय, ती म्हणतेय एक शब्द बदलायचा नाही :

"मला पहिल्या सुरालाच कळलं तो एल्डन नाही. माझं पोर मी ओळखणार नाही? पण होतं ते एल्डनचंच, त्यानं दुसऱ्या कुणाला दिलेलं. तेवढ्यासाठी मी त्याचं नाव घेतलं."

मी म्हटलं, "मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळी इतकी खूश झालात. व्हर्लन रडायला लागला. अल्मेडानं केक कापला. आता म्हातारीनं मध्येच कशाला मोडता घालायचा!"

"आणि फोटोचं?"

"नेडीनच्या त्या पत्रात झाडं होती, टोप्या होत्या, शाल होती. फोटो नव्हता. आणि तू परसात नवऱ्याला काय शिकवत होतीस? मी आंधळी आहे गं, बहिरी नाही."

नेडीन, मी एप्रिलपासून तिच्यासाठी जीव टाकतेय आणि ती आम्हाला सांभाळून घेत होती!

मी विचारलं, "मग तू परत जेवण सोडणार का?" तर म्हणते, "आता सोडून कसं चालेल? त्या पोरीचं काम अर्धं राहिलंय."

काम असं : आई म्हणते, फर्नला सगळं येतं. हात गोड आहे. फक्त ती लवकर पोचते. एल्डन ती मींड उतरताना शेवटच्या सुराच्या आधी थोडा थांबायचा. नॅशव्हिलमध्ये लोकांना तो आळस वाटला असेल, किंवा लकब. तो आळस नव्हता. तू आमच्या चर्चमध्ये आलीयस. पुस्तक नाही, वाद्य नाही. एकजण ओळ सांगतो आणि मग सगळे ती सावकाश ओढत गातात. कुणी पुढं जातं, कुणाला धाप लागते, कुणी म्हातारं मागं राहतं. शेवटचा येऊन पोचेपर्यंत पुढचे सूर धरून ठेवतात. एल्डन लहानपणी आईच्या मांडीवर बसून हेच ऐकत मोठा झाला. तो त्या सगळ्यांसाठी थांबायचा. वाद्य घेऊन पळून गेला, तरी थांबणं बरोबर घेऊन गेला.

"हे त्यानं पोरीला सांगितलं नसणार," आई म्हणते, "कारण त्यालाच माहीत नसणार. मला माहीत आहे. मी गेले की कुणालाच नसेल. तिला इकडं पाठव. लवकर पाठव."

हे ती हसत म्हणाली नाही, नेडीन.

ओपल

*

नॅशव्हिल
९ नोव्हेंबर १९७४

प्रिय ओपल, प्रिय आई,

फर्नला तुमचं पत्र वाचून दाखवलं. आधी तिला जरा लागलं. म्हणाली, "मी आयुष्यभर वेळेवर यायला शिकले, आता कुणीतरी उशिरा ये म्हणतंय." मग कॉफी संपवली. उठताना विचारलं, "तुमच्या सासूबाईंच्या घरी विजेचा प्लग आहे का?"

नोव्हेंबरच्या शेवटी तिला तुमच्या बाजूला एका गावात कार्यक्रम आहे. तिथून येईल. मला दुकानातून सुटी नाही, सणाची गर्दी आहे. तिच्याबरोबर एल्डनची गिटार पाठवतेय. शनिवारी चादर काढून तिच्या गाडीत ठेवली. स्वयंपाकघर एवढं मोठं आहे हे मला माहीतच नव्हतं.

फर्न मांस खात नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही तिला आजारी समजणार नाही.

तुमची,
नेडीन

*

सॉरवुड खोरं
१ डिसेंबर १९७४

प्रिय नेडीन,

फर्न येऊन गेली. तुझी आठवण पावलोपावली काढली.

सकाळी आली तेव्हा गवतावर हिव पडलं होतं. गिटार, तिची पेटी, तिचे सुटे पाय, तिची खुर्ची! मी म्हटलं, "बाई, घर बदलतेयस का?" ती दारात थांबली. मीही थांबले. बाबांच्या घरात आजवर एक तार वाजली नव्हती. आईला म्हटलं, "ओसरीवर बसवू का?"

"थंडीत पोरीची बोटं आखडतील."

"पण बाबा..."

"त्यांना मी भेटेन तेव्हा समजावेन. आण आत."

टीव्हीचा प्लग काढला, तिचा घातला. आई तिच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. आधी दोन्ही हातांनी गिटार चाचपली, पोरीची बोटं चाचपली. म्हणाली, "वाजव."

फर्ननं वाजवलं. मला तर सोहळ्यातल्यासारखंच सुरेख वाटलं.

"लवकर," आई म्हणाली.

पुन्हा वाजवलं.

"लवकर."

असं किती वेळा झालं, मी स्वयंपाकघरात वाटाणे शिजवून आले तरी चालूच. पोरीचे कान लाल. शेवटी म्हणाली, "आजी, किती थांबू ते सांगा ना. दोन मात्रा? तीन?"

"मोजायचं नसतं गं."

"मग कळणार कसं?"

आईनं घसा खाकरला. मग तिनं भजनाची ओळ म्हटली. आमच्यात ओळ पुरुषांनी सांगायची असते, बायकांनी नाही. तिनं सांगितली. आवाज कसला, नुसता धागा. मी चुलीजवळून धरली. दार उघडून अल्मेडा आत आली. ती बाहेर किती वेळ उभी होती देव जाणे. तिनंही धरली. आणि व्हर्लन मोजे सुकवत बसला होता, त्यानं सगळ्यांत शेवटी. तुला माहीत आहे, त्याच्या छातीत खाणीची धूळ आहे. अर्ध्या ओळीत त्याला श्वास घ्यायला थांबावं लागतं. चर्चमध्ये तो नेहमी सगळ्यांच्या मागं असतो.

फर्न आमच्याबरोबर वाजवत वर चढली. उतरायला लागली. तारांवरची तिची पोलादी कांडी शेवटच्या सुराकडं सरकायला लागली, तेवढ्यात आईनं तिच्या मनगटावर बोट ठेवलं.

"थांब. अजून सगळे आलेले नाहीत."

पोरीनं मान वर केली. मी सूर धरलेला, अल्मेडानं धरलेला, आईचा नुसता थरथरतोय. व्हर्लन श्वास घेतोय. त्याच्या छातीतली घरघर ऐकू येत होती, नेडीन. फर्न त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिनं मोजलं नाही, मी बघत होते. ती वाट बघत होती.

व्हर्लन आला. वाकडातिकडा, पण आला.

आईनं बोट उचललं.

तुझी,
ओपल